कोरडे तांदूळ

गेल्या महिन्यात एक तरुण मुलगा माझ्या दादरच्या घरी आला होता. मोबाइलवर बघतात तसल्या कुठल्याशा मालिकेसाठी तो माहिती गोळा करत होता. मुलगा नम्र होता. बूट बाहेर काढून आत आला, दिलेला चहा संपवला, कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवायला निघाला. आमच्या चाळीतल्या अंत्याच्या लहानपणाबद्दल सांगणारं कुणी उरलंय का, म्हणून तो लालबागमध्ये फिरला होता, आणि कुणीतरी माझं नाव दिलं होतं. "सर, हा माणूस असा का झाला, तो एक पॉइंट आम्हाला हवाय," तो म्हणाला. आम्ही एका मजल्यावर राहायचो एवढंच, बाकी मला काही आठवत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, "किती खोटं बोलतोस रे."

तिला सगळं माहीत नाही. पण खोटं तिला कळतं.

आता अंत्या नाही. त्याची आई त्याच्यानंतर दोन महिन्यांनी गेली. माझ्या वडलांना जाऊन तर बरीच वर्षं झाली. ज्यांच्यासाठी गप्प बसायचं, असं कुणी राहिलं नाही. म्हणून त्या मुलाला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. अंत्याचं आडनाव मात्र लिहिणार नाही. त्याची धाकटी बहीण मंगल अजून तेच लावते. त्या आडनावापायी तिचं लग्न झालं नाही.

अंत्यानं सबंध आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्याच्या आईला जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. मी ते सांगितलं, पण इतक्या उशिरा की त्याला सांगणं म्हणावं की नाही, मला ठरवता येत नाही.

त्याची आई, आमची इंदूकाकी, मजल्याच्या टोकाच्या खोलीत खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले, एकेका खोलीत दहा-पंधराजण मिळून राहणारे गिरणी कामगार पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे. अंत्या वाढायचा. दहा-अकरा वर्षांचा पोरगा, हाफपँटला पुढे फडकं खोचलेलं. कुणाला बांगड्याचं डोकं आवडतं, कुणाला शेपटाकडची तुकडी लागते, कुणाची दाढ दुखते म्हणून त्याची भाकरी आधीच सारात कुस्करून ठेवायची, हे त्याला विचारावं लागत नसे. एकदा जेवून गेलेला माणूस वर्षानं आला तरी अंत्याला त्याची आवड पाठ असायची. सगळे उठले की मग तो भिंतीला पाठ लावून उभ्याउभ्या जेवायचा. काकी बस म्हणायची, पण तो बसायचा नाही. "बसलेल्या माणसाला चटकन पळता येत नाय," असं तो मला म्हणाला होता. मला ती त्याची गंमत वाटली.

त्याचा बाप भिवाकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. हात चांगला होता, भजनात पखवाजही तोच वाजवायचा. संपात गिरणी बंद पडली आणि त्या हातांना काम राहिलं नाही, असं लोक सांगतात. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. संपाआधीही तो मारायचा. फक्त पाळीला जायची वेळ झाली की थांबायचा. संपात थांबायचं कारण संपलं.

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. दिवसा कुणाचं दार लागलं की शेजारीण हाक मारून विचारायची, काय गो, बरं नाय का. टोकाच्या खोलीचं दार लागलं की मात्र कुणी हाक मारत नसे. मजल्यावरचे रेडिओ मोठे व्हायचे. माझी आई तर रेडिओ नसला तरी मिक्सर लावायची. दुसऱ्याच्या घरातलं आहे, आपण कशाला, असा सगळ्यांचा हिशेब होता. मारायच्या आधी भिवाकाका नेहमी एकच वाक्य बोलायचा, आवाज न चढवता: "खरं बोल, मारणार नाय." अंत्यानं मला एकदा गॅलरीत सांगितलं होतं की त्यानं खरं बोलून बघितलं, खोटं बोलून बघितलं, दोन्हीला सारखाच मार पडतो. "म्हणून मी आता बोलतच नाय," तो म्हणाला. आणि मग बांबूच्या काड्या तासायला लागला. दिवाळी जवळ आली होती. आमच्या मजल्यावरचे निम्मे कंदील तो बनवायचा. माझ्या कंदिलाच्या झिरमिळ्या वाकड्या लागल्या होत्या, त्या त्यानं न विचारता काढून पुन्हा चिकटवल्या.

आता चांदीच्या उंदराचं सांगतो.

आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे एक चांदीचा उंदीर ठेवायचे. मुठीत मावेल एवढा, डावा कान वाकलेला. गिरणीतल्या कुणा जॉबरनं, म्हणजे मुकादमानं नवस फेडला होता. माझे वडील, नाना, मंडळाचे खजिनदार. मूळचे गिरगावचे, गिरणीच्या ऑफिसात कारकून, बोलणं शुद्ध, कपडे पांढरे. चाळ त्यांचा शब्द मानायची. संपाच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चांदीचं सामान पेटीत भरताना उंदीर सापडला नाही. दिवसभर शोधाशोध झाली. पोलिसांत गेलं तर मंडळाची अब्रू जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हा घाडीमामांनी तोडगा काढला. ते तळमजल्यावर राहायचे, गावी देवाची गाऱ्हाणी घालायचे, चाळीतही नारळ ठेवणं, दृष्ट काढणं त्यांच्याकडेच असे. ते म्हणाले, तांदूळ देऊया.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संशयितांना देवासमोर मंतरलेले मूठभर तांदूळ चावायला देतात. थोड्या वेळानं ते पानावर थुंकायला लावतात. ज्याचे तांदूळ ओले तो सुटला. ज्याचे कोरडे, तो चोर. चोराच्या तोंडाला देव पाणी सुटू देत नाही, अशी समजूत.

नानांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. घरात ते तसं म्हणालेही. पण मग म्हणाले, लोकांचं समाधान होतंय तर होऊ दे, एकदाचा विषय मिटेल. मला वाटतं, खजिनदार म्हणून त्यांच्यावरच कुणी बोट दाखवेल अशी त्यांना भीती होती. मी हे आज म्हणतो. तेव्हा माझ्या वडलांना भीती वाटू शकते हेच मला माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी मांडवात वावरलेल्या आम्हा सात-आठ पोरांना रांगेत उभं केलं. मी पहिला होतो. खजिनदाराच्या मुलालाही सोडलं नाही, हे दिसायला बरं. मी चावले, थुंकलो, ओला लगदा पडला. लोक हसले. पुढच्या पोरांचंही तसंच झालं. अंत्या शेवटी होता. त्याच्या बरोबर समोर भिवाकाका हाताची घडी घालून उभा होता, आणि अंत्या तांदळाकडे नाही, त्या हातांकडे बघत होता. त्यानं बराच वेळ चावले. पानावर पडलं ते पीठ. पांढरं, कोरडं, हातावरून फुंकलं असतं तर उडालं असतं असं.

भिवाकाका पुढे आला आणि म्हणाला, "खरं बोल, मारणार नाय."

"मी नाय घेतला," अंत्या म्हणाला.

मग त्यांच्या खोलीचं दार लागलं. या वेळी इंदूकाकी बाहेर राहिली. तिला ढकलून बाहेर काढलं होतं. ती दाराला तळवा लावून उभी होती, दुसऱ्या हाताला भाकरीचं पीठ तसंच. ठोठावत नव्हती, नुसती उभी. आमच्या घरात मिक्सर लागला.

अंत्याचा उजवा हात मोडला. तो नीट बसला नाही, पुढे कायम कोपरातून जरा वाकडा राहिला. हात गळ्यात असतानाच त्याला शीव कोळीवाड्याला मावशीकडे पाठवून दिलं. चोराला चाळीत ठेवायचं नाही, असं कमिटीनं काही ठरवलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही.

पुढच्या वर्षी गणपतीआधी नाना मंडळाची पेटी उघडायला गेले तेव्हा बॅटरी धरायला मी बरोबर होतो. विसर्जनाच्या आधी मूर्तीच्या खांद्यावरचं उपरणं काढून घडी घालून ठेवतात. ती घडी नानांनी झटकली आणि उंदीर खाली पडला. कान वाकलेला, तोच. नाना पेटीच्या कडेवर बसले. बराच वेळ तो हातात फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "श्रीकांत, हे कुणाला बोलायचं नाही. आता बोलून कुणाचा काय फायदा." मला ते पटलं. माझे वडील सांगत होते, म्हणजे पटायलाच हवं होतं.

त्यांनी तो गिरगावातल्या एका सोनाराकडे नेला, कान सरळ करून घेतला, उजळून घेतला. आणि चाळीत सांगितलं, एका भक्तानं गुप्तदान दिलंय. नवा उंदीर आला म्हणून नारळ फुटला. बायकांनी ओवाळलं.

त्या वर्षी आरतीला अंत्या आला होता. शीवहून चालत, एकटाच. मागे खांबाला टेकून उभा राहिला. त्यानं आधी उंदराकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या हातात तबक होतं. मी खाली बघितलं. त्याला तेवढं पुरलं. आरती संपायच्या आत तो निघून गेला, आणि त्यानंतर चाळीत राहायला म्हणून कधी आला नाही.

तो तरुण मुलगा ज्याला पॉइंट म्हणतो तो हाच, असं त्याला नक्की वाटलं असतं. मी त्याला सांगितलं नाही याचं हेही एक कारण. त्या रांगेतली बाकीची पोरंही घरी मार खात होती. पांड्या बसवर कंडक्टर झाला, सावंतांचा बबन अजून परळला इस्त्री करतो. मोडलेल्या हातानं सगळेच कुणाचा जीव घ्यायला निघत नाहीत. अंत्यानं जे केलं ते त्यानं स्वतः केलं, मोठा झाल्यावर, दिवसाढवळ्या, समजून. पण घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार माणूस लांबून सारखेच दिसतात, हे त्याला आमच्या चाळीनं शिकवलं, आणि पुढे त्यानं धंदा म्हणून जे काही केलं त्याच्या तळाशी तेवढीच एक गोष्ट होती. माणसाला घाबरवायचं.

मावशीच्या शेजारी एक गॅरेज होतं. तिथे तो राहिला, तिथेच त्याला माणसं भेटली. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा त्याचं नाव कानावर यायला लागलं. मग पेपरात आलं, अंत्या खानावळ म्हणून. हे नाव पोलिसांनी दिलं की पेपरवाल्यांनी, ते माहीत नाही. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्याकडून खंडणी घ्यायची त्याला तो आधी जेवायला बोलवायचा. स्वतःच्या हातानं वाढायचा. स्वतः उभा राहायचा. दारू नाही, सिगरेट नाही, पानसुद्धा नाही. शेजारी पाण्याचा तांब्या मात्र कायम, बोलताना मधेमधे घोट घ्यायचा. कोर्टातही पहिलं पाणी मागायचा, असं एका वकिलानं मला सांगितलं.

परळला केमिस्ट दळवींचं दुकान होतं. आईची रक्तदाबाची औषधं मी तिथून घ्यायचो. एकदा गोळ्या बांधून देता देता दळवी म्हणाले, "तुमच्या चाळीतला तो अंत्या. बोलावलं होतं काल. काय वाढतो हो माणूस. मला कोलंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. माझ्यासाठी वेगळी पापलेटं. मग मला विचारतो, खरं बोला, मी रागावणार नाही, धंदा किती होतो. मी खरं सांगितलं, तेवढे द्यायला नाहीत." दळवी हसत होते. त्यांना वाटलं होतं की जेवणाऱ्याला माणूस मारत नाही. आठ-दहा दिवसांनी दुकान उघडताना शटरपाशीच त्यांना गोळ्या घातल्या. त्यांची बायको अजून त्या काउंटरवर बसते. मी आईची औषधं दुसरीकडून आणायला लागलो. कारण विचारलं तर सांगायचो, तिथे स्वस्त मिळतात.

म्हणून अंत्याबद्दल वाईट वाटून घ्यायची मला चोरी झाली आहे. त्याचा विचार मनात आला की पाठोपाठ दळवीबाई येतात, चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचणाऱ्या.

नाना शेवटच्या आजारात सरकारी हॉस्पिटलात होते, तेव्हा अंत्या जामिनावर सुटलेला होता. एका दुपारी भेटायच्या वेळेला तो आला. दोन पोरं दाराशी उभी राहिली, वॉर्ड आपोआप शांत झाला. नानांनी त्याला ओळखलं. चादरीखाली त्यांचे पाय हलायला लागले. अंत्यानं स्टूल असून उभं राहूनच मोसंबं सोललं, बिया काढल्या, एकेक फोड पातळ सालीतून सोडवून नानांना भरवली. नाना गिळत होते. मी वाट बघत होतो की आता तो म्हणेल, खरं बोला. तो म्हणाला, "बरे व्हा, नाना." आणि बाहेर आला.

जिन्यात त्यानं मला थांबवलं. "विचारणार होतो आज," तो म्हणाला. "मग म्हटलं जाऊ दे. म्हातारा माणूस आहे. माझा बापपण असाच गेला, काय न बोलता."

गेली इतकी वर्षं मी जे करत होतो तेच केलं. पायऱ्यांकडे बघितलं.

नंतर तो पुन्हा पकडला गेला, खटले चालले, जन्मठेप झाली. आमची चाळ पाडून तिथे उंच टॉवर झाला. मंडळाला खाली एक हॉल मिळाला, त्याला नानांचं नाव दिलं. उद्घाटनाला मी बोललो. प्रामाणिकपणावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षांपूर्वी मंगलनं फोन केला. अंत्याच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिससाठी त्याला तुरुंगातून शीवच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात आणायचे. तो मला भेटायचं म्हणतोय, असं ती म्हणाली. मी गेलो. लांब व्हरांड्यातल्या बाकावर तो बसला होता. बसलेला अंत्या मी पहिल्यांदाच बघितला. पाय सुजले होते, त्याला उभं राहवत नव्हतं. शेजारी एक हवालदार मोबाइल बघत होता.

"शिऱ्या, अजून घाबरतोस मला?"

"हो," मी म्हटलं.

"बरं करतोस," तो म्हणाला आणि हसला. मग त्यानं मागायचं ते मागितलं. उंदीर गेला त्या वर्षापासून आईनं घरात गणपती आणायचं बंद केलं होतं. गावच्या घरीही चतुर्थीला ती कधी गेली नाही. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सगळी चाकरमानी मंडळी गाड्या भरून गावी जात, आणि ही त्या दिवसांत दार लावून बसायची. विचारलं तर एवढंच म्हणायची की या घराला देवाचं पाप लागलंय.

"बाकीचं मी केलं," अंत्या म्हणाला. "कोर्टात नाय म्हणालो तो वेगळा भाग. पण ते मी नाय केलं. आईला वाटतं, मी देवाचं चोरलं म्हणून हे सगळं झालं. असंच मनात धरून मरेल ती. मी सांगितलं तर माझ्या बोलण्याला किंमत काय? तू नानांचा मुलगा. तू सांग तिला. एवढंच सांग की अंत्यानं नाय घेतला."

मी हो म्हटलं. आणि गेलो नाही. ऑफिसात वर्षअखेर होती, मग मुलीची परीक्षा. मग काकीला ताप होता, तापात कशाला. खरं कारण त्या हॉलवरची पाटी होती. नानांचं नाव पितळी अक्षरांत होतं आणि मंडळाच्या कामाला जाता-येता मी ते बघत होतो. शेवटी मंगलचाच फोन आला. "दादा, आई जेवत नाही नीट. भाऊ दर वेळी विचारतो, शिऱ्या येऊन गेला का." मी त्याच दिवशी संध्याकाळी गेलो.

काकीला त्याच टॉवरमध्ये घर मिळालं होतं. तिथे प्रत्येकाचं दार बंद होतं. मंगलनं उघडलं आणि ती आत निघून गेली. काकी खिडकीशी पलंगावर बसली होती, वाळून एवढीशी झालेली. "शिरी ईलो काय," तिनं मला आवाजावरून ओळखलं. चहा टाकायला सांगितला. मी चहा यायची वाट बघितली नाही. नाहीतर पुन्हा टाळलं असतं. उपरण्याची घडी, सोनार, गुप्तदान, नानांनी काय सांगितलं, मी काय केलं नाही, सगळं ओळीनं सांगितलं. अंत्यानं घेतला नव्हता, असं शेवटी म्हटलं.

काकी माझ्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, "माका ठावक आसा."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. पण तिला ऐकू आलं होतं. मंडळाची चांदी दर वर्षी चिंच लावून घासायचं काम तिचं होतं, आणि पोरगा चोर ठरल्यावरही ते तिच्याकडेच राहिलं. पोराच्या पापाची शिक्षा आईला कशाला, असं नानाच म्हणाले होते. त्या वर्षी नवा उंदीर तिच्या हातात घासायला आला. सोनारानं कान सरळ केला होता, पण बुडाशी एक खळगा होता, तिच्या अंगठ्याला सवयीचा. तिनं घासला, पुसला आणि परत दिला.

"तेव्हा का बोलली नाहीस, काकी?" मी विचारलं. मला विचारायचा काय अधिकार होता.

तिनं सावकाश सांगितलं. संप होता. नवरा घरी. चाळीतल्याच माणसांच्या जेवणावर घर चालायचं. खजिनदार खोटा, असं तिनं म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं, आणि खानावळीत कोण जेवायला येणार होतं? "मगे पोरांका काय घालतलंय?" ती म्हणाली. मंगल तेव्हा लहान होती, अंगावरची. एक पोर मावशीकडे सुखरूप आहे, असं तिनं मनाशी ठरवलं. पुढच्या वर्षी बोलू म्हणाली. मग पोराचं नाव पेपरात यायला लागलं, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही. गणपती आणायचा तो कुठल्या तोंडानं?

मंगल चहा घेऊन आली तशी काकी थांबली. मंगल पुन्हा आत गेल्यावर काकीनं माझं मनगट धरलं. "तेका सांगू नको हां, शिरी. आईक ठावक होता, असा सांगू नको. आज कळला म्हणान सांग."

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. तोच व्हरांडा, तोच बाक, हवालदार वेगळा. अंत्या बराच खंगला होता. मी बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय बोलली?"

मी घरून ठरवून आलो होतो. म्हटलं, रडली. म्हणाली, माझा मुलगा चोर नाही, आज मला कळलं.

अंत्या माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. "नाय रे. ती मुलगा नाय बोलणार. आणि रडणार तर नायच. बापानं मारलं तेव्हा नाय रडली ती." त्यानं डोकं मागे भिंतीला टेकवलं, डोळे मिटले. मग बोलला तो त्याच्या आईच्या आवाजात, हळू, शेवटचा शब्द जरा लांबवत. "'माझो अंतू तसो नाय. माका आधीच ठावक होता.' असं बोलली असेल. बोलली ना?"

त्यानं डोळे उघडले.

"हो," मी म्हटलं. "असंच म्हणाली. आधीच ठाऊक होतं म्हणाली."

"मग तसं सांग ना. फिरवतोस कशाला."

आतून नर्सनं त्याचं नाव पुकारलं. हवालदारानं त्याला काखेत हात घालून उठवलं. वाकडं कोपर पोटाशी धरून तो पाय ओढत दारापर्यंत गेला. तिथे थांबून तो हवालदाराला म्हणाला, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "आमच्या आईला माहीत होतं, साहेब. पहिल्यापासून."

हवालदार मोबाइल खिशात ठेवत होता. "हो का," तो म्हणाला, आणि दोघे आत गेले.